‘भ’ची भेंडी : आमच्या गाण्यांचा एक इतिहास

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका निघते आहे, तुम्हीही काहीतरी लिहा, असा आग्रह कार्यकर्त्यांनी धरला तेव्हा आम्ही प्रथम नाहीच म्हणालो. सूतगिरणीत पाळी करणारा माणूस, शाळा अर्ध्यातून सुटलेली, जे काही वाचले ते विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांतून. अशा माणसाने इतिहास काय लिहावा? पण वर्षावासातल्या एका संध्याकाळी एका लहान मुलीने आम्हाला एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता हा लेख तयार झाला. म्हणून या लेखाचे श्रेय तिचे. चुका मात्र आमच्या.

त्या संध्याकाळी वंदना झाली, ग्रंथवाचन झाले, आणि बाहेर पाऊस लागला म्हणून लेकरं विहारातच अडकली. वेळ घालवायला त्यांनी गाण्याच्या भेंड्या लावल्या. सगळी सिनेमाची गाणी चालली होती. शेवटी एका आजीबाईने दम भरला, ‘‘विहारात बसलात ना, मग आपली गाणी म्हणा की!’’ मग भीमगीते सुरू झाली. अर्धा तास खेळ चालला. तेव्हा ती मुलगी उठून आमच्याकडे आली आणि म्हणाली, ‘‘काका, आपल्याकडं ‘भ’ची एवढी गाणी हायेत, मग भेंडीत ‘भ’ येतच नाही. काहून?’’

आम्ही हसलो. घरी गेल्यावर मात्र झोप येईना. लेकराने बरोबर जागेवर बोट ठेवले होते.

भेंड्यांचा नियम सर्वांना माहीत आहे. एका बाजूने गाण्याचे ध्रुपद म्हणायचे, ते ज्या अक्षरावर संपेल त्या अक्षराने दुसऱ्या बाजूने गाणे सुरू करायचे, आणि ठरलेले आकडे मोजून होईपर्यंत गाणे सुचले नाही तर त्या बाजूवर भेंडी चढते. याचा अर्थ असा, की गाणे सुरू कशाने होते यापेक्षा ते संपते कशावर याच्यावर सगळा खेळ चालतो. हिंदी सिनेमाची गाणी पुष्कळदा ‘है’वर संपतात म्हणून ‘ह’ पुन्हा पुन्हा येतो. आपली मराठी गाणी क्रियापदावर संपतात, म्हणून ला, ली, ले, तो, ते असे शेवट येतात आणि ‘ल’ व ‘त’ यांचा सुकाळ होतो. ‘रे’ने ‘र’ येतो, ‘गं’ने ‘ग’ येतो. ‘ळ’ आणि ‘ण’ यांच्यापासून मराठीत शब्दच सुरू होत नाहीत, म्हणून रिवाजाने ‘ळ’ला ‘ल’ आणि ‘ण’ला ‘न’ चालवून घेतात.

आता ‘भ’ पाहा. ‘भ’वर संपणारे शब्द किती? लोभ, लाभ, नभ, आरंभ, दुर्लभ, असे मोजके. त्यांच्यावर संपणारे ध्रुपद शोधायला गेले तर हाती फारसे लागत नाही. म्हणजे ज्या अक्षराने आपली सर्वांत जास्त गाणी सुरू होतात, ते अक्षर खेळात जवळपास येतच नाही. भीम, भीमराव, भीमराया, भीमाई, भीमा-कोरेगाव, सगळी शिदोरी बांधून ठेवलेली आणि सोडायला कोणी सांगतच नाही! मुलीच्या प्रश्नाचे हे एक उत्तर झाले. पण ‘भ’चे आणि आमचे एक जुने देणे-घेणे आहे, आणि दुसरे उत्तर त्यात आहे.

१९८२-८३ सालची गोष्ट. आपला हिंगोली भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. आम्ही सातवीत होतो. शनिवारी अर्धी शाळा असायची आणि शेवटच्या तासाला कवितांच्या नि श्लोकांच्या भेंड्या लावत. रामदासांचे मनाचे श्लोक २०५. ज्यांच्या घरी ते रोज म्हणले जात त्या पोरांना ते तोंडपाठ असत, आणि भेंड्यांत त्यांचाच जोर चाले. आमच्या घरी ते कुठून यावेत? आम्हाला पुस्तकातल्या कविता तेवढ्या येत, आणि त्या संपल्या की आमच्या बाकावर भेंडी ठरलेली.

एका शनिवारी समोरच्यांचे ‘लोभ’ या शब्दावर थांबले आणि आमच्यावर ‘भ’ आला. आकडे मोजणे सुरू झाले. आम्ही उठून उभे राहिलो आणि मायच्या तोंडून ऐकलेले एक भीमगीत खड्या आवाजात म्हणले. वर्ग एकदम गप्प झाला. पंच म्हणून बसलेले गुरुजी म्हणाले, ‘‘हे भेंडीत चालत नाही. पुस्तकातलं म्हण.’’ पुस्तकातले ‘भ’चे आम्हाला काही येत नव्हते. भेंडी चढली. पोरं हसली. गुरुजी काही मारकुटे नव्हते, वाईट बोललेही नाहीत. पण ‘चालत नाही’ हा शब्द आम्ही चाळीस वर्षे विसरलो नाही.

घरी येऊन हे सांगितले. माय चुलीपुढे होती. तिने काही उत्तर दिले नाही. आजी मात्र म्हणाली, ‘‘चालत नाई? रातीच्याला बघू कोणाचं चालत नाई ते.’’

रात्री जेवणे उरकल्यावर वस्तीतल्या बाया आमच्या ओट्यावर जमल्या. आजीने खेळ लावला तो ‘एका अक्षराच्या भेंडीचा’. यात शेवटचे अक्षर पाहायचे नाही. एकच अक्षर द्यायचे, दोन्ही बाजूंनी पाळीपाळीने त्याच अक्षराची गाणी म्हणायची, म्हणलेले पुन्हा म्हणायचे नाही, ज्या बाजूचे आधी संपेल तिच्यावर भेंडी. आजीने अक्षर दिले ‘भ’. त्या रात्री कंदिलातले घासलेट संपले, पण ‘भ’ काही संपला नाही. कोणावरही भेंडी चढली नाही. या बायांपैकी एकीलाही ‘भ’ लिहिता येत नव्हता. तरी ‘भ’चे गाणे कोणते आणि ‘ब’चे कोणते याची त्यांच्यात कधी चूक झाली नाही. अक्षर डोळ्यांनी नाही, कानांनी ओळखायची ही विद्या होती.

ही विद्या त्यांच्यात आली कुठून, तर जात्यावरून. जात्यावरच्या ओव्या पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमाने म्हणण्याची जुनी रीत आहे. पहिली कोणाला, दुसरी कोणाला, हे ठरलेले असते, आणि आकडा धरला की ओवी आठवते. १९५६च्या धर्मांतरानंतर या ओव्यांत बाबासाहेब आणि बुद्ध आले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभर फिरून बायांच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यांत आपल्या मराठवाड्यातल्या माजलगावच्या भीमनगरातील बायांनी गायिलेल्या भीमाच्या ओव्याही आहेत. ज्या बायांना कोणी अडाणी म्हणले, त्यांनी एवढे भांडार डोक्यात सांभाळले, हे त्या कामामुळे जगाला दिसले.

आता ही गाणी आली कुठून, हेही तरुण पिढीला माहीत असणे अगत्याचे आहे. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या चळवळीतून पुढे सत्यशोधक जलसे निघाले. तमाशाचाच बाज, पण आत लोकशिक्षण. त्याच वाटेने १९३०च्या सुमारास आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक यांचा जलसा त्यांत नावाजलेला. जिथे छापील कागद पोचत नव्हता आणि पोचला तरी वाचणारा नव्हता, तिथे जलसा पोचत होता. महाडचे पाणी, काळारामाचे दार, येवल्याची घोषणा या गोष्टी आपल्या आजा-पणज्यांनी वर्तमानपत्रात वाचल्या नाहीत, गाण्यातून ऐकल्या.

दुसरे कर्डक म्हणजे वामनदादा. आडनाव एक, माणसे वेगळी. वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावचा. लहानपणी शाळा नाही. मुंबईत असताना एकाने त्यांच्याकडे पत्र वाचून दाखव म्हणून मागणी केली आणि त्यांना ते वाचता आले नाही. ती लाज मनाला लागली आणि त्यांनी मोठेपणी एकेक अक्षर गिरवून वाचायला शिकले. १९४३ साली त्यांनी पहिले गीत लिहिले, आणि पुढे १५ मे २००४ रोजी प्राण जाईपर्यंत गावोगावी फिरून हजारो गीते लिहिली नि गायिली. वाचकहो, आमच्या मते भेंड्यांच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. ज्या माणसाला वीस वर्षांपर्यंत ‘भ’ काढता येत नव्हता, त्या माणसाने आपल्या सबंध समाजाला ‘भ’ची गाणी पुरवली.

नंतर कॅसेट आली. १९८०च्या दशकात टेपरेकॉर्डर वस्तीत आले आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचा आवाज जयंतीला गल्लोगल्ली घुमू लागला. प्रल्हाद शिंदे गेले तेही २००४ सालीच, वामनदादांच्या मागोमाग जून महिन्यात. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर, मंचावरच कोसळून गेले. कॅसेटने गाणी घरोघरी नेली हे खरे. पण त्याचबरोबर जी गाणी कॅसेटवर चढली नाहीत, ती मागे पडत गेली हेही तेवढेच खरे. ओट्यावरच्या बायांची गाणी कोणी कॅसेटवर घेतली नाहीत.

इथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. आपल्या जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे गाव. नामदेवांची पदे पंजाबात पोचली, शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. संतांच्या छापील गाथा पाहिल्या तर शेवटी अभंगांची अकारविल्हे सूची असते. म्हणजे ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत, कोणता अभंग कोणत्या अक्षराने सुरू होतो आणि कितव्या पानावर आहे, याची यादी. अभंग आठवत नसला आणि नुसते पहिले अक्षर ठाऊक असले तरी बोट फिरवून तो सापडतो.

आमच्या गाण्यांना अशी गाथा नव्हती, मग सूची कुठली? आमचे म्हणणे असे आहे, की भेंडी हीच आमची अकारविल्हे सूची होती. कागद नाही, शाई नाही, पान नाही. नुसते अक्षर द्यायचे आणि त्या अक्षराचे सगळे भांडार समोर हजर. जे गाणे भेंडीत येत राहिले ते जगले. म्हणून गुरुजी ‘चालत नाही’ म्हणाले तेव्हा एका पोराचा डाव गेला एवढेच झाले नाही. त्यांना माहीत नसेल, पण त्यांनी एका सबंध ग्रंथाला ‘हा ग्रंथ नव्हे’ म्हणले होते.

पुढे आम्ही गिरणीला लागलो. रिंगफ्रेम खात्याचा आवाज ज्याने ऐकला त्यालाच ठाऊक. शेजारी उभा असलेला माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. रातपाळीला तीन-चारच्या सुमाराला डोळे मिटू लागतात, आणि डोळा लागला तर धागा तुटतो, कधी बोटही जाते. तेव्हा आम्ही दोघे-तिघे एक खेळ खेळायचो. समोरच्या रांगेतला गडी हवेत बोटाने अक्षर काढायचा, आपण ते ओळखायचे आणि त्या अक्षराचे गाणे मनात म्हणत पुढच्या फेरीला निघायचे. चहाच्या सुट्टीत बाहेर आलो की ‘तुझं कोणतं, माझं कोणतं’ याचा हिशेब. गाणे आवाजाशिवायही म्हणता येते हे आम्हाला तिथे कळले.

बऱ्याच वर्षांनी विहारात दीघनिकायातले ब्रह्मजाल सुत्त वाचत होतो. त्यात श्रमण गौतम ज्या खेळांपासून दूर राहतात त्यांची यादी आहे. सोंगट्या, चेंडू असे खेळ मोजता मोजता एक नाव आले : ‘अक्खरिका’. त्याचा अर्थ सांगितला आहे, आकाशात किंवा खेळगड्याच्या पाठीवर बोटाने काढलेले अक्षर ओळखणे! आम्ही पुस्तक मिटून ठेवले. अडीच हजार वर्षांपूर्वीचा खेळ आम्ही रातपाळीला खेळत होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता. या एका शब्दावरून त्या काळी लोकांना, लेकरांनासुद्धा, अक्षरओळख होती असे अनुमान ऱ्हीस डेव्हिड्स या पाली पंडिताने काढले आहे. खेळातल्या एका शब्दाने इतिहासाची साक्ष दिली, ती अशी.

कोणी म्हणेल, भगवंतांनी जो खेळ वर्ज्य केला त्याचे कौतुक कशाला? हरकत रास्त आहे. ती यादी वेळ वाया घालवणाऱ्या गोष्टींची आहे आणि ती श्रमणांच्या आचरणाबद्दल आहे. आपण उपासक माणसे. तरी खेळात रात्र घालवून सकाळी कामाला दांडी मारू नये एवढा बोध आपणही घ्यावा. पण बौद्ध परंपरेने अक्षराचा उपयोग शिकवणीसाठीही केला आहे. ‘ललितविस्तर’ या ग्रंथात बालक सिद्धार्थ शाळेत जातो तो प्रसंग आहे. मुले एकेक अक्षर उच्चारतात आणि सिद्धार्थाच्या प्रभावाने प्रत्येक अक्षरातून धम्माचा एकेक शब्द बाहेर पडतो. ‘अ’मधून अनित्य, ‘ब’मधून बंधन आणि मोक्ष, ‘भ’मधून भव-विभव. बुद्धवचन तरी कसे टिकले? महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला संगीती भरली, आनंदाने सुत्ते सांगितली, उपालीने विनय सांगितला. त्यानंतर कित्येक पिढ्या ते सगळे मुखोद्गत राहिले आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिंहलद्वीपात लेखी उतरले. पाठ करणे ही आपल्याकडे कमीपणाची गोष्ट कधीच नव्हती.

आता थोडे जपानकडे वळू. नागपूरचे भदन्त सुरई ससाई मूळचे जपानचे, त्यामुळे तो देश आपल्याला अगदीच परका नाही. त्या देशातही अक्षराचे खेळ आहेत. एकाचे नाव ‘शिरितोरी’, म्हणजे शेवट पकडणे. शब्दाचे शेवटचे अक्षर घेऊन पुढचा शब्द सांगायचा. त्यांच्या भाषेत ‘न्’ या अक्षराने शब्द सुरू होत नाही, म्हणून ज्याचा शब्द ‘न्’वर संपला तो हरला. आपण ‘ळ’ला सवलत देतो, ते देत नाहीत, इतकाच फरक.

त्यांच्याकडे ‘इरोहा’ नावाची एक जुनी कविता आहे. तिच्यात त्यांची ४७ अक्षरे प्रत्येकी एकदाच येतात आणि विषय आहे अनित्यता. लोकपरंपरा ती कूकाई या बौद्ध आचार्याच्या नावावर सांगते, अभ्यासक तिला नंतरची मानतात. तिचा सर्वांत जुना लेखी पुरावा १०७९ सालचा आहे. शतकानुशतके जपानी लेकरं याच कवितेवरून मुळाक्षरे शिकली. म्हणजे मुळाक्षर आणि धम्म एकाच घासात!

पण आम्हाला खरा आवडला तो तिसरा खेळ. शंभर कवींच्या शंभर कवितांचा एक संग्रह आहे, तेराव्या शतकात फुजिवारा तेइका याने निवडलेला. नव्या वर्षाच्या सणात त्यावर पत्त्यांचा खेळ चालतो. एक जण कवितेची सुरुवात वाचतो आणि बाकीच्यांनी तिचा उरलेला अर्धा भाग लिहिलेला पत्ता झडप घालून उचलायचा. शंभरांपैकी सात कविता अशा आहेत की पहिले अक्षर ऐकले की पुरे, त्या अक्षराची दुसरी कविताच नाही. उलट ‘अ’ने सुरू होणाऱ्या सोळा आहेत. तिथे दोन-तीन, कधी त्याहून जास्त अक्षरे ऐकल्याशिवाय हात टाकता येत नाही. आमच्या ‘भ’चे हेच आहे. नुसता ‘भ’ ऐकून काही कळत नाही, ‘भी’ ऐकूनही कळत नाही. पुढे ‘म’ येतो की ‘मा’ येतो, त्याच्यापुढे ‘रा’ येतो की ‘च्या’ येतो, इथवर कान लावून बसावे लागते. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. त्या खेळात सुरुवात वाचणारा वाचतो, पण जिंकायला लागतो तो उरलेला अर्धा भाग. नुसता मुखडा येऊन भागत नाही.

या शेवटच्या गोष्टीने आम्हाला झोंबले, कारण आमच्या भेंडीचा दोष नेमका तिथेच आहे. तो कबूल केला पाहिजे.

आजी १९९०च्या सुमारास गेली. माय गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. माय गेल्यावर आम्ही एक दोनशे पानी वही आणली आणि अक्षरवार गाणी लिहायला बसलो. ‘क’ला दोन पाने, ‘ज’ला चार, ‘र’ला रमाईची गाणी म्हणून पाच, आणि ‘भ’ला ठेवलेली पाने पुरली नाहीत म्हणून वहीच्या मागून उलटे लिहीत आलो. जसजसे लिहीत गेलो तसतसे ध्यानात आले, की कॅसेटवर न आलेल्या गाण्यांची आम्हाला नुसती ध्रुपदे येतात. अंतरे येत नाहीत. कारण भेंडीत ध्रुपद म्हणून झाले की समोरचे हात वर करतात, ‘झालं झालं, आता आमची पाळी!’ अंतऱ्यापर्यंत जायला खेळ थांबतच नाही. वर्षानुवर्षे गाण्याचे डोके तेवढे फिरत राहिले, धड मागे राहून गेले. खेळाने गाणी वाचवली हे जितके खरे, तितकेच खेळाने ती अर्धी केली हेही खरे.

त्यातले एक गाणे मायचे स्वतःचे. २७ जुलै १९७८ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्यांवर काय गुजरले ते जाणत्यांना सांगायला नको. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्यात मारले गेले. नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या पुढारपणाखाली नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. त्या सुमाराला आमचे वडीलही वस्तीतल्या चौघांबरोबर औरंगाबादकडे निघाले. आम्ही नऊ-दहा वर्षांचे होतो. मायने भाकरी बांधून दिल्या. नंतर कित्येक दिवस काही खबर नव्हती. त्या दिवसांत ती कामाला जाता-येता एक गाणे म्हणायची, तिनेच जोडलेले. त्याचा पहिला शब्द ‘भाकर’. फडक्यात बांधलेली भाकर बोलते आहे, अशी काहीशी त्याची कल्पना होती. वडील धड परत आले. विद्यापीठाला नाव लागायला मात्र १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले.

एका अक्षराच्या भेंडीत माय हे गाणे नेहमी सर्वांत शेवटी काढायची. भीमाची सगळी गाणी संपत आली, समोरच्या बाया आता हरल्या असे वाटू लागले, की ही हळूच ‘भाकर’ काढायची. बाया म्हणायच्या, ‘‘अवो, हे भीमाचं नाई.’’ माय म्हणायची, ‘‘‘भ’चं हाय ना? मग चालतं.’’

चालतं! सातवीतल्या त्या शनिवारचे उत्तर तिने तोंडावर कधी दिले नाही, पण ओट्यावर दर खेळात दिले. आमच्या वहीत त्या गाण्याची एकच ओळ आहे. खाली पाऊण पान कोरे. बहिणीला विचारले, वस्तीतल्या जुन्या बायांना विचारले. सगळ्यांना तेवढीच ओळ येते, कारण सगळ्यांनी ते भेंडीतच ऐकले. पुढे ती भाकर काय बोलली, हे सांगणारे आता कोणी नाही.

म्हणून उपासक-उपासिकांना आमची हात जोडून विनंती आहे. भेंड्या बंद करू नका, उलट वाढवा, पण नियम थोडा बदला. एक, महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर एका अक्षराची भेंडी लावावी. एका वेळी एकच अक्षर घ्यावे. ‘च’ घेतला की चवदार तळ्याचे गाणे येईल, तेव्हा २० मार्च १९२७ ही तारीख लेकरांना सांगावी. ‘य’ला येवला आला की १३ ऑक्टोबर १९३५ सांगावी, ‘द’ला दीक्षाभूमी आली की १४ ऑक्टोबर १९५६. मुळाक्षरांबरोबर इतिहास आपोआप पाठ होईल. दुसरे, जो ध्रुपद म्हणेल त्याने निदान एक अंतरा म्हणलाच पाहिजे. अंतरा आला नाही तर अर्धी भेंडी चढवावी. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे. तुमच्या घरी म्हातारी माणसे असतील तर आजच त्यांच्याजवळ बसा. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, त्यात आवाज भरून घेता येतो. आमच्या वेळी ती सोय नव्हती असे म्हणून आम्ही मन समजावतो. तुम्हाला तसे म्हणता येणार नाही.

आमची वही विहाराच्या कपाटात ठेवली आहे. ज्याला जे गाणे पुरे येत असेल त्याने ते त्यात उतरवावे. लिहिता येत नसेल तर सांगावे, आम्ही लिहून घेऊ. पाळी सुटली की आम्ही विहारातच असतो.

त्या लहान मुलीला आम्ही दुसऱ्या रविवारी उत्तर दिले. म्हणलं, ‘‘बाळा, ‘भ’ आपोआप येत नसतो. आपणच मागून घ्यावा लागतो.’’ तिने लगेच खेळ लावला आणि ‘भ’ मागितला. आमची पाळी आली तेव्हा आम्ही ‘भाकर’ म्हणले. एकच ओळ. मुलीने मान हलवली आणि आमच्यावर अर्धी भेंडी चढवली.

नियम आम्हीच केला होता. भेंडी मुकाट्याने घेतली.

नमो बुद्धाय! जयभीम!